चूक आरशात, की मापात?

(रोह्यात घरी दुर्बीण बनवणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी पेणचा. शिक्षण बीटेक, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या नखांत कधी ना कधी सेरियम ऑक्साईड अडकलेलं आहे, त्यामुळे काच कशी घासायची हे मी सांगत बसत नाही. आज फक्त एका प्रश्नावर बोलायचंय. आरसा तपासायला ठेवला, माप घेतलं, आणि ते हवं तसं आलं नाही. तर चूक आरशात आहे, की मापात?

हा प्रश्न वेळेवर विचारला नाही तर महाग पडतो. काच घासून कमी करता येते, परत चिकटवता येत नाही. चुकीच्या मापावर विश्वास ठेवून अर्धा तास जास्त पॉलिश केलं, की चांगला आरसा बिघडतो. मग त्याला पुन्हा गोल आकारावर आणा आणि तिथून परत सुरुवात करा. नोकरी, कॉलेज सांभाळून महिना-दीड महिना गेलाच.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. आपण कोकणात आहोत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश दिसत नाही, म्हणून आपण सगळे पावसाळ्यातच आरसा घासतो. पण त्यामुळे होतं काय, की आरसा खऱ्या ताऱ्यावर तपासायची सोयच नसते. चार महिने घरातल्या चाचणीचा आकडा हाच आपला एकमेव साक्षीदार. आणि साक्षीदार एकच असला, की त्याची उलटतपासणी नीट घ्यावी लागते.

आपण नेमकं किती मोजतोय?

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. उदाहरण म्हणून २०० मिलिमीटर व्यासाचा आरसा धरा, नाभीय अंतर १००० मिलिमीटर. म्हणजे आपण ज्याला आठ इंची, एफ पाच म्हणतो तो. याची वक्रता त्रिज्या २००० मिलिमीटर. मध्यभागी खोली अडीच मिलिमीटर. एवढी खोली घासून काढायला रफ कार्बोरंडम आणि चिकाटी पुरते.

खरा खेळ त्यानंतरचा. हाताने घासलेला आरसा नैसर्गिकरीत्या गोलाचा तुकडा होतो. आपल्याला हवा असतो अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, कारण दूरच्या ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूत आणायचे तर तोच आकार लागतो. या आरशासाठी गोल आणि अन्वस्त यांच्यात फरक किती? दोन्ही आकार एकमेकांवर जास्तीत जास्त जुळवून ठेवले तर काचेवर सुमारे ३९० नॅनोमीटर. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. परावर्तनात तो दुप्पट होतो, म्हणजे प्रकाशाच्या लाटेत सुमारे ७८० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, तर जवळपास दीड तरंग.

आणि चूक किती चालते? रेलेचा जुना नियम पाव तरंगाचा. म्हणजे १३७ नॅनोमीटर. तेवढ्यात बसलात तर गुरूचे पट्टे नीट दिसतात. म्हणजे एकूण ७८० चं काम, आणि त्यात १३७ ची सूट. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

फुकोची चाचणी, दोन मिनिटांत

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. लिऑं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकाच्या शेवटी ही युक्ती काढली. आरसा स्टँडवर उभा करायचा. वक्रतेच्या केंद्रापाशी, म्हणजे आपल्या उदाहरणात दोन मीटरवर, एक बारीक प्रकाशबिंदू ठेवायचा. आरशावरून परत येणारा प्रकाश त्याच्या शेजारीच एकवटतो. तिथे दाढीचं पातं हळूच आडवं सरकवायचं आणि पात्यामागून आरशाकडे बघायचं. आरसा अचूक गोल असेल तर सगळा एकदम काळवंडतो. नसेल तर डोंगर-दऱ्यांसारख्या सावल्या दिसतात. हजारो पट मोठं करून दाखवणारं यंत्र, आणि खर्च काय, तर एक एलईडी, एक पातं आणि एक स्क्रू.

आपला आरसा गोल नको असल्यामुळे आपण आरशासमोर पुठ्ठ्याचा मास्क लावतो. त्याला ठरावीक अंतरावर जोडीजोडीने खिडक्या असतात. आतली जोडी एकाच वेळी काळवंडते तेव्हा पात्याची जागा वाचायची, मग बाहेरच्या जोडीची. दोन वाचनांतला फरक सूत्राने काढलेल्या फरकाशी जुळला की अन्वस्त झाला. प्रकाशबिंदू स्थिर असेल तर सूत्र सोपं: खिडकीच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्या. आतली खिडकी ३५ मिलिमीटरवर, बाहेरची ९३ वर, तर फरक यायला हवा ३.७१ मिलिमीटर.

एक सूचना इथेच देतो. प्रकाशबिंदू पात्यासोबत सरकत असेल, तर हा फरक निम्मा होतो. कुठलं सूत्र कुठल्या उपकरणाला, हे उपकरणावरच मार्करने लिहून ठेवा. सरकत्या दिव्याला स्थिर दिव्याचं सूत्र लावलं, तर तुम्ही दुप्पट सुधारणा करून बसता. म्हणजे गोल आरसा जितका अलीकडे राहतो, बरोबर तितकेच तुम्ही पलीकडे जाता.

पेणचं माप आणि रोह्याचं माप

आता एक खरी गोष्ट. ज्या दोघांची आहे ते दोघंही इथे बसलेत, त्यांच्या परवानगीने सांगतो. नावं घेत नाही; इथे सगळे ओळखतातच.

पेणला आमचे एक काका आहेत. आयुष्यभर मुलांना वर्कशॉप शिकवलं. सत्तरी ओलांडली, पण हात अजून स्थिर. रोह्याला एक बीएस्सीची विद्यार्थिनी. दोघांनी मिळून आठ इंची, एफ पाच आरसा करायला घेतला. साधी जाड काच. घासणं पेणला झालं, शेवटचा आकार देणं रोह्याला. आरसा टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात, गाडीने पेण-रोहा खेपा करायचा. मापं दोन्ही घरी घ्यायचे, आणि आकडे माझ्याकडे यायचे. मी ते एका शीटमध्ये भरत होतो. माझं काम तेवढंच.

एका आठवड्यात दोन आकडे आले. ३.७१ हवा होता. काकांचं सोळा वाचनांचं सरासरी माप आलं ३.७५. पण त्यांची वाचनं विखुरलेली, एकेक वाचन सरासरीपासून ०.२ मिलिमीटर इकडेतिकडे. तिचं माप आलं ३.२८. आणि तिची वाचनं अगदी एकसारखी, ०.०४ च्या आत.

तुम्ही कुणावर विश्वास ठेवला असता?

बहुतेक जण तिच्यावर ठेवतील. त्यात काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख मिळालेली. काकांनीच फोन करून सांगितलं, "अगं, माझा डोळाच आता भरवशाचा नाही. तुझं माप धर. अजून पाऊण मिलिमीटर कमी असलं तरी काढू आपण." पाऊण नव्हतं, अर्धं होतं, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ३.२८ खरं धरलं असतं तर आरसा अजून सुमारे साडेअकरा टक्के न्यायचा होता. आरसा प्रत्यक्षात बरोबर असताना तेवढा पुढे नेला असता, तर प्रकाशाच्या लाटेत सुमारे ९० नॅनोमीटरची चूक मुद्दाम घातल्यासारखं झालं असतं. आपली सूट १३७ ची. तिच्यातला दोन तृतीयांश भाग एका संध्याकाळी संपला असता.

मला त्या फोननंतर जास्त खटकलं ते वेगळंच. आरसा तर बिघडू शकतोच. पण एक माणूस स्वतःचा डोळा गेला असं मान्य करून बाजूला होत होता, आणि ते कुणी तपासलंच नव्हतं.

विखुरलेलं माप आणि सरकलेलं माप

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवू.

पहिली, विखुरलेपण. दर वेळी थोडं इकडे, थोडं तिकडे. डोळा दमतो, हवा हलते, स्क्रू थोडा जास्त फिरतो. याला औषध आहे: जास्त वाचनं घ्या. सोळा वाचनं घेतली की सरासरीतली अनिश्चितता सोळाच्या वर्गमुळाने, म्हणजे चारने कमी होते. काकांचं ०.२ होतं ते सरासरीत ०.०५ झालं. वाईट नाही!

दुसरी, सरकलेपण. सगळी वाचनं एकाच बाजूला, एकाच अंतराने चुकलेली. याला जास्त वाचनांचं औषध लागू पडत नाही. शंभर वेळा मोजा, शंभर वेळा तेच चुकीचं उत्तर, आणि तेही सुबक. आमच्या धंद्यातही हे रोज दिसतं. टेस्ट दहा वेळा पास होते म्हणून कोड बरोबर ठरत नाही. टेस्टच चुकीची लिहिली असेल तर ती इमानदारीत दहा वेळा चुकीचं सांगते.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ३.७५ आणि ३.२८, फरक ०.४७. काकांची अनिश्चितता ०.०५, तिची त्याहून कमी. म्हणजे हा फरक योगायोगाने येणं शक्य नाही. दोघांपैकी कुणाचं तरी माप सरकलेलं आहे. आणि कुणाचं, हे विखुरलेपण बघून कळत नाही. एकसारखं येणारं माप म्हणजे खरं माप, ही आपली सवय आहे, पण तिला आधार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

मग काय केलं? एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो.

पहिल्यांदा डोळा. ती काकांना म्हणाली, "काका, तुम्ही एकदा आमच्याकडे येऊन मोजा ना. आमच्याच पद्धतीने, आमच्याच स्टँडवर." काका रोह्याला आले, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजलं. आकडे तिने लिहून घेतले, काकांना सगळं होईपर्यंत दाखवले नाहीत. हे महत्त्वाचं. आधीचा आकडा माहीत असला की डोळा नकळत त्याच्याकडे झुकतो. काकांचं रोह्यातलं माप आलं ३.३. विखुरलेलं, नेहमीसारखंच, पण सरासरी ३.३.

म्हणजे त्याच डोळ्याने पेणला ३.७५ आणि रोह्याला ३.३. डोळा निर्दोष सुटला. मोतीबिंदूने सावली धूसर होते, दोन खिडक्या सारख्या काळ्या झाल्या का हे ठरवायला त्रास होतो, म्हणून वाचनं विखुरतात. पण धूसरपणा उजव्या आणि डाव्या खिडकीला सारखाच. तो एका बाजूला ओढत नाही. (काका, हात वर करू नका, सगळ्यांना कळलंय. हशा.)

दुसऱ्यांदा उपकरण. पेणचं पातं आणि डायल गेज रोह्याला आणलं. काही फरक नाही.

तिसऱ्यांदा मास्क. इथे सापडलं. काकांचा मास्क कंपासने हाताने आखलेला, वर्कशॉपच्या सवयीने. रोह्याचा मास्क कॉम्प्युटरवर काढून दुकानातून प्रिंट केलेला. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. वर्तुळ २०० चं. प्रिंटरला कडेला समास हवा, म्हणून त्याने कुणाला न विचारता सगळं चित्र ९७ टक्के केलं. स्टीलची पट्टी लावली तर २०० चं वर्तुळ १९४ भरलं. आरशाच्या कडेला तीन मिलिमीटर मोकळे, तेवढी कड मुद्दाम सोडली असेल असं कुणालाही वाटावं.

तीन टक्के म्हणजे फार वाटत नाही. पण सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे, म्हणून तीनाचे सहा होतात. खिडक्या ९७ टक्क्यांवर असतील तर परिपूर्ण आरशालाही फरक ३.४९ च येईल, ३.७१ नाही. ०.४७ पैकी ०.२२ चा हिशेब इथे लागला.

तुलनेसाठी सांगतो. वक्रता त्रिज्या मोजताना एक टक्का, म्हणजे दोन मीटरला दोन सेंटिमीटर चुकलात, तरी आकडा एकच टक्का हलतो. लोक टेप घेऊन ती त्रिज्या तीनतीनदा मोजतात आणि मास्कला पट्टी लावत नाहीत. कुठली चूक उत्तरापर्यंत किती मोठी होऊन पोचते, ते आधी कागदावर काढा. मेहनत कुठे घालायची ते कळतं.

चौथ्यांदा ऊन-सावली, म्हणजे तापमान. पेणला काका रात्री आरसा स्टँडवर ठेवून झोपायचे आणि पहाटे पाचला उठून मोजायचे. रोह्याला आरसा खालच्या खोलीत, थंड लादीवर, डब्यात. माप वरच्या पत्र्याखालच्या खोलीत. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक. आरसा वर आणला की पंधरा-वीस मिनिटांत मोजणी सुरू. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने. शिस्त इतकी चांगली की चूकही रोज तेवढीच.

आता काच काय करते बघा. साध्या काचेचा २५ मिलिमीटर जाडीचा भाग एक अंश तापला तर सुमारे २२५ नॅनोमीटर फुगतो. थंड आरसा गरम खोलीत आणला की कड आधी तापते, मध्य मागे राहतो. कड जरा वर उचलली जाते, आणि आरसा अजून पुरेसा अन्वस्त झालेला नाही असं दिसतं. आरसा गरम असून थंड होत असेल, तर उलटं दिसतं. बोरोसिलिकेट काचेत हाच परिणाम सुमारे एक तृतीयांश. पण आपण बहुतेक जण साध्या काचेवर काम करतो.

तिने नवा मास्क केला, आरसा वरच्या खोलीत ठेवून तीन तास थांबली, मग मोजलं. ३.६९. काकांचं पेणचं ३.७५, अनिश्चितता ०.०५. जुळलं. आरसा तयार होता. तो जवळपास आठवडाभर तयारच होता.

काचेला कुणी हात लावला नाही. आरसा ॲल्युमिनियमच्या थराला गेला.

हवा आणि आपण स्वतः

या गोष्टीत न आलेले दोन आरोपी सांगतो.

पहिला, हवा. हवेचं तापमान एक अंशाने बदललं की तिचा अपवर्तनांक साधारण दहा लाखांत एक इतका बदलतो. ऐकायला काहीच नाही. पण प्रकाश आरशापर्यंत दोन मीटर जातो, दोन मीटर परत येतो. चार मीटरच्या वाटेत एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूपेक्षा अंशाचा फक्त दहावा भाग गरम असेल, तर ४०० नॅनोमीटरचा फरक पडतो. आपली सूट १३७ ची! म्हणून पात्यामागे बसून श्वास खाली सोडू नका, हात किरणांच्या वाटेखाली ठेवू नका, लॅपटॉप दूर ठेवा. पंखा बंद केल्याबरोबर मोजायला बसू नका. हवेचे थर लागायला वेळ द्या. सावल्या धुरासारख्या हळूहळू वाहत असतील तर ती हवा आहे. काच वाहत नाही.

उपकरण किती नाजूक आहे हे एकदा स्वतः बघा. आरशाच्या पृष्ठभागावर स्वच्छ अंगठा दहा सेकंद टेकवा, काढा, आणि पात्यामागून बघा. तिथे टेंगूळ आलेलं दिसेल. काही मिनिटांनी ते आपोआप जाईल. थर लावलेल्या आरशावर मात्र हा प्रयोग करू नका.

दुसरा आरोपी स्टँड. आरसा कडेने आवळला किंवा एकाच बिंदूवर टेकवला तर तो वाकतो. इथे एकच युक्ती, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते: आरसा फिरवा. पाव फेरा द्या, थांबा, पुन्हा बघा. दोष आरशाबरोबर फिरला तर तो आरशाचा. जागच्या जागी राहिला तर तो स्टँडचा, हवेचा किंवा उपकरणाचा. आमच्या पेणला मूर्तिकार आखणी करताना हेच करतात. गणपतीचा एक डोळा बारीक वाटला तर लगेच रंग लावत नाहीत. मूर्ती फिरवतात. कारण तो डोळा खरंच बारीक आहे की खिडकीतला उजेड एका बाजूने पडतोय, हे फिरवल्याशिवाय कळत नाही.

आणि स्क्रूचं एक. वाचन नेहमी एकाच दिशेने सरकत घ्या. आट्यांमधला ढिलेपणा दोन दिशांना दोन वेगळे आकडे देतो.

हबल आणि अलिबाग

हे सगळं घरगुती लोकांचं आहे असं वाटत असेल तर हबल आठवा. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेली. आरसा २.४ मीटरचा. पहिली चित्रं आली ती धूसर. आरसा अतिशय सफाईने घासलेला होता, पण कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट. कारण मोजणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. भिंगांमधलं अंतर मोजणाऱ्या दांड्याच्या टोपणावरचा काळा रंग एके ठिकाणी उडाला होता, आणि मापाचा प्रकाश भलत्याच पृष्ठभागावरून परत आला.

पण चौकशी समितीच्या अहवालातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इतर दोन चाचण्यांनी गडबड दाखवली होती. त्या कमी अचूक मानल्या जात होत्या, म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. सगळ्यात अचूक उपकरणाचं ऐकलं गेलं, आणि तेच सरकलेलं होतं. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारणा करणारी उपकरणं बसवली. आपल्याकडे पेण-रोहा गाडीच्या तिकिटात भागलं.

उलट, नीट कसं करावं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेचे प्रवाह चुंबकीय मापं बिघडवणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय मूस. त्यांच्या काळात, ट्राम सुरू व्हायच्या आधीच, मोजणी अलिबागला हलवण्यात आली. १९०४ साली. इमारतीसाठी साहित्यही चुंबकीय नसलेलं निवडलं.

पण त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं. का? कारण दोन जागांच्या आकड्यांत फरक असणारच, आणि तो किती हे माहीत नसेल तर आधीची साठ वर्षांची नोंद पुढच्या नोंदीला जोडताच येणार नाही. जागा बदलली, तर जुनी आणि नवी काही काळ समांतर चालवा आणि फरक लिहून ठेवा. काकांनी रोह्याला येऊन एक संध्याकाळ मोजलं, ते याच जातीचं काम.

मग करायचं काय?

घरी गेल्यावर लक्षात राहावं म्हणून ओळीने सांगतो.

एक. मास्कला स्टीलची पट्टी लावा. प्रिंट काढताना "शंभर टक्के" निवडलंय का ते बघा, आणि तरीही पट्टी लावा.

दोन. आरसा मोजायच्या जागी किमान तीन तास ठेवा. शक्यतो रात्रभर. वहीत वेळ आणि खोलीचं तापमान लिहा. तासाभराने परत मोजा. आकडा सरकत असेल तर अजून थांबा.

तीन. प्रत्येक खिडकीची पाच-सहा वाचनं घ्या. सरासरीबरोबर विखुरलेपणही लिहा. नुसतं "३.२८" असं लिहू नका.

चार. वाचणारा एक, लिहिणारा दुसरा. वाचणाऱ्याला आकडे शेवटी दाखवा. घरात आई, भाऊ, कुणीही लिहायला चालतं.

पाच. आरसा फिरवून परत मोजा.

सहा. दुसऱ्या घरी, दुसऱ्या माणसाकडून, जमल्यास दुसऱ्या पद्धतीने तपासा. रोंचीची जाळी स्वस्त आहे. ती बारीक आकडा देणार नाही, पण मोठी गडबड असेल तर लपवणारही नाही. दोन पद्धती वेगळं सांगू लागल्या, तर हवी तीच निवडू नका. भांडण मिटेपर्यंत काचेला हात लावायचा नाही.

सात. पावसाळा संपला की ताऱ्यावर बघा. पुस्तकांत लिहिलेलं असतं की ध्रुवतारा घ्या, तो हलत नाही. पुस्तकं उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, तिथली हवा जाड आणि उकळती. त्यापेक्षा डोक्यावरचा एखादा ठळक तारा घ्या आणि दुर्बीण हाताने हलवत राहा. फोकसच्या थोडं आत आणि थोडं बाहेर, दोन्हीकडे वर्तुळं सारखी दिसली पाहिजेत. ही चाचणी आकडा देत नाही, पण तिला मास्क लागत नाही, सूत्र लागत नाही. फुकोच्या चाचणीत होऊ शकणाऱ्या बऱ्याच चुका तिच्यात होऊच शकत नाहीत. दुसरा साक्षीदार असाच हवा, पहिल्याने सांगितलेलं पाठ करून न आलेला.

त्या आठ इंची आरशाचं विचाराल, तर ऑक्टोबरमध्ये आकाश उघडल्यावर तो ताऱ्यावर बघितला. वर्तुळं दोन्हीकडे सारखी होती. काकांचं ऑपरेशन व्यवस्थित झालंय, आणि आता त्यांचं विखुरलेपणही कमी झालंय, शीटमध्ये दिसतं.

शेवटची गोष्ट. माप जुळत नाही तेव्हा आपण पटकन कुणाला तरी दोषी धरतो: काचेला, म्हाताऱ्या डोळ्याला, नवख्या हाताला. त्याआधी एक संध्याकाळ फक्त मोजण्याची पद्धत तपासायला द्या. तेवढ्या वेळात काचेचं काही बिघडत नाही.

प्रश्न असतील तर आता विचारा. आणि चहा झाल्यावर मागच्या टेबलावर एक आरसा ठेवलाय, सकाळपासून याच खोलीत आहे. पट्टी, मास्क, पातं सगळं तिथेच आहे. येऊन मोजा, कागदावर आकडा लिहा, घडी घालून डब्यात टाका. शेजाऱ्याचा बघू नका. संध्याकाळी सगळे एकदम उघडू.